साध्या मजकुराला एचटीएमएलचे टॅग लावण्याचा सराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सदाशिव पेठेत आमचा एक छोटा गट एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानातला कुठला तुकडा काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणांच्या भाषेचा, सराव करायला बसतो. या खुणा म्हणजे टॅग. सगळ्यांना एकच साधी टेक्स्ट फाइल मिळते : ‘शनिवारवाडा ते केसरीवाडा, पायी फेरी’. चार पानांचं टिपण आहे, मीच लिहिलेलं. नवीन येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. टॅगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि कोनी कंसांत लिहायची.

या सरावात नेमकं करायचं काय?

फाइलमध्ये नुसती अक्षरं आहेत. ठळक काही नाही, तिरपं काही नाही, रंग नाही, लहानमोठा आकार नाही. प्रत्येक तुकडा मुळात काय आहे ते ओळखायचं आणि त्याला शोभेल तो टॅग लावायचा. मजकुरातला एक शब्दही बदलायचा नाही. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी दोनेक तास जातात.

वर्डमध्ये सगळं सजवून ‘वेब पेज म्हणून सेव्ह’ केलं तर चालणार नाही का?

पान दिसेल. सराव होणार नाही. वर्डमध्ये बहुतेक जण मथळ्याची ओळ निवडतात, ठळक करतात, अक्षर मोठं करतात आणि पुढे जातात. ती ओळ मथळा आहे हे वर्डला कुणी सांगितलेलंच नसतं, मग ते एचटीएमएलमध्ये तरी कुठून उतरणार? साध्या फाइलमध्ये लपायला जागा नसते. नोटपॅड किंवा तसलाच कुठलाही एडिटर घ्या. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत सेव्ह करा आणि हेड, म्हणजे पानाबद्दलची माहिती देणारा सुरुवातीचा भाग, सुरू झाल्या झाल्या ती पद्धत सांगणारा कॅरॅक्टर सेटचा मेटा टॅग लिहा. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावा लागतो, आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये सहसा तीन बाइट खातं. म्हणून लांबलचक मराठी टायटल आधी आणि मेटा नंतर असा क्रम ठेवू नका.

सुरुवात कुठून करू? पहिला टॅग कुठला?

पहिला टॅग पेन्सिल. खरंच सांगतोय. मजकूर कागदावर छापून घ्या आणि समासात मराठीतच लिहा : हा मथळा, ही यादी, हा इशारा, ही नुसती माहिती. कीबोर्डला त्यानंतर हात लावा.

याला एक आपल्या लिपीचं कारणही आहे. इंग्रजीतल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मथळे बरेचदा मोठ्या लिपीत असतात, त्यामुळे ते न वाचताही सापडतात. देवनागरीत मोठी लिपी, छोटी लिपी असा भेदच नाही. आमच्या फाइलमध्ये एका ओळीवर नुसतं ‘वाड्याचे दरवाजे’ असं आहे आणि पुढच्याच ओळीवर ‘दिल्ली दरवाजा’. दोन्ही ओळी दोन-दोन शब्दांच्या, दोन्हींच्या शेवटी पूर्णविराम नाही. पहिली मथळा आणि दुसरी यादीतली नोंद हे फक्त वाचूनच कळतं. दरवेळी कुणीतरी ‘दिल्ली दरवाजा’ला मथळा करतं, आणि मग उरलेल्या चार दरवाजांचं काय करायचं ते त्यांना सुचत नाही.

एच१ खूप मोठा दिसतो. मी सरळ एच३ पासून सुरू केलं तर?

नको. एच१ ते एच६ हे आकडे अक्षराच्या आकाराचे नाहीत, मथळा किती आत आहे त्याचे आहेत. संपूर्ण टिपणाचं नाव एच१. ‘शनिवारवाडा’, ‘मानाचे गणपती’, ‘भिडेवाडा’ हे त्याचे भाग, म्हणून एच२. ‘वाड्याचे दरवाजे’ हा शनिवारवाड्याच्या पोटातला, म्हणून एच३. उतरताना मधली पायरी गाळायची नाही. वर येताना मात्र एच३ नंतर थेट एच२ येणं बरोबरच आहे, कारण तिथे आधीचा भाग संपून नवा सुरू होतो.

जुन्या शिकवण्यांत ‘प्रत्येक सेक्शनमध्ये नवा एच१ लिहा, ब्राउझर पातळी आपोआप लावून घेईल’ असं वाचायला मिळेल. तशी कल्पना एचटीएमएल५ च्या मानकात होती खरी, पण कुठल्याच ब्राउझरनं ती पूर्ण अमलात आणली नाही आणि २०२२ मध्ये ती मानकातूनच काढली गेली. तेव्हा पातळ्या स्वतः मोजा.

सगळं डिव्ह आणि स्पॅन या काहीच अर्थ न सांगणाऱ्या टॅगांमध्ये टाकून सजवलं तरी पान तसंच दिसतं. मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी वाद न घालता हेडफोन देतो. एनव्हीडीए हा विंडोजवर फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे, दृष्टिहीन लोक तो रोज वापरतात. त्यात एच हे बटण दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी बसते. १ ते ६ दाबलं तर त्या त्या पातळीच्या मथळ्यावर. एलनं यादीवर, टीनं तक्त्यावर. आता तुमचं डिव्हवालं पान उघडा, स्क्रीन बंद करा आणि ‘भिडेवाडा’ शोधा. एच दाबलं की पुढे मथळा नाही एवढंच ऐकू येतं. मग पहिल्या ओळीपासून ऐकत बसायचं, डोळसांनी जे एका नजरेत शोधलं असतं त्यासाठी.

यादीचंही तेच. खरी यादी असेल तर पाच नोंदींची यादी आली असं आधीच ऐकू येतं, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे किती आहे त्याचा अंदाज येतो. आडव्या रेघा मारून केलेल्या यादीत पाच सुट्या ओळी ऐकू येतात, बास.

माझं स्वतःचं पहिलं पान आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस होतं. विषयपत्रिकेतल्या प्रत्येक ओळीनंतर दोन-दोन बीआर (ओळ तोडणारा टॅग) मारले होते. संगणकावर झकास दिसत होतं. मोबाइलवर उघडल्यावर विषय क्रमांक चार आणि त्याचा खर्च यांची अशी फारकत झाली की सभेत त्यावरच वीस मिनिटं गेली.

ओएल कधी आणि यूएल कधी?

नोंदींची जागा बदलून बघा. अर्थ बिघडला तर ओएल (क्रमाची यादी), नाही बिघडला तर यूएल (बिनक्रमाची).

आमच्या फाइलमध्ये दोन्ही मुद्दाम ठेवले आहेत, आणि दोन्ही पाच-पाच नोंदींचेच. शनिवारवाड्याचे दरवाजे : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ किंवा नारायण. हे कुठल्याही क्रमानं सांगितले तरी दरवाजे पाचच, म्हणून यूएल. मानाचे गणपती : कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. इथे पहिला म्हणजे पहिला. विसर्जन मिरवणूक याच क्रमानं निघते. ही यादी यूएलमध्ये टाकली तर व्हॅलिडेटर, म्हणजे टॅग नियमाप्रमाणे आहेत का ते तपासणारा प्रोग्राम, काही म्हणणार नाही, पुणेकर म्हणतील. (दगडूशेठ या यादीत का नाही, हा एचटीएमएलचा प्रश्न नाही. चहाच्या वेळी विचारा.)

ओएलमध्ये आकडे हातानं लिहू नका, नाहीतर ब्राउझरचा एक आणि तुमचा एक असे दोन आकडे दिसतात. मग देवनागरी आकडे कसे मिळतात? सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी ही किंमत आहे. पुढच्या आठवड्याचा विषय आहे तो, पण मिळतात एवढं आत्ता लक्षात असू द्या.

तारखेला टाइम टॅग लावला, तर व्हॅलिडेटर चूक दाखवतो. का?

‘१८४८’ असं देवनागरीत लिहून नुसता टाइम टॅग लावला असेल म्हणून. यंत्राला वाचता येणारी तारीख इंग्रजी आकड्यांतच लागते. वाचकासाठी मजकुरात देवनागरी राहू द्या आणि डेटटाइम या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहायच्या जादा माहितीत) तीच तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं इंग्रजी आकड्यांत द्या. नुसतं वर्ष दिलं तरी चालतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ते १८४८ आणि ‘केसरी’ निघाला ते १८८१ ही दोन्ही वर्षं अशी सहज बसतात. शनिवारवाड्याला मोठी आग लागली ती तारीख, २७ फेब्रुवारी १८२८, हीसुद्धा तशीच लिहायची.

खरी गंमत वाड्याच्या पायाभरणीत आहे, आणि ती मला एका रविवारी विद्यार्थ्यानंच दाखवून दिली. पुस्तकांत तारीख असते १० जानेवारी १७३०. पाया शनिवारी घातला म्हणून शनिवारवाडा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण संगणकावर कॅलेंडर मागे नेलं तर त्या दिवशी मंगळवार निघतो! मग शनिवार खोटा का? नाही. पुस्तकातली तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. त्या शतकात ज्युलियन आणि आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये ११ दिवसांचं अंतर होतं. ११ मिळवा, २१ जानेवारी १७३० येते आणि तो शनिवारच आहे. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीखही तशीच तपासा : २ फेब्रुवारी येते, पुन्हा शनिवार.

एचटीएमएलचं डेटटाइम मागच्या सगळ्या काळासाठी ग्रेगोरियनच धरतं. म्हणून मजकुरात १० जानेवारी १७३० हेच ठेवायचं आणि डेटटाइममध्ये २१ जानेवारी द्यायची. हे पटत नसेल तर त्या तारखेला टाइम टॅगच लावू नका. तो सक्तीचा नाही, आणि चुकीच्या तारखेपेक्षा टॅग नसलेला बरा. शके आणि तिथीला तर डेटटाइममध्ये जागाच नाही, त्या साध्या मजकुरात राहू द्या.

स्ट्राँग आणि बी, ईएम आणि आय, यांत फरक काय? दिसतात तर सारखेच.

दिसण्यावर जाऊ नका. स्ट्राँग म्हणजे हे महत्त्वाचं आहे, चुकवू नका : ‘फेरी सकाळी सात वाजता निघेल, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाही.’ बी म्हणजे लक्ष जावं एवढंच, महत्त्वाचा दावा नाही. मजकुरातली ठिकाणांची नावं उठून दिसावीत असं वाटलं तर बी. ईएम म्हणजे बोलताना जिथे आवाजाचा जोर पडेल तो शब्द. आय म्हणजे वेगळ्या सुरातला शब्द, उदाहरणार्थ परभाषेतली संज्ञा.

आता माझं मत. मराठीत ईएम फार कमी लागतो. इंग्रजीत जोर दाखवायला शब्द तिरपा करतात, आपण ‘च’ लावतो. ‘कसबा गणपतीच पहिला’ यात जोर भाषेनंच दिलाय, त्यावर टॅग कशाला? शिवाय ब्राउझर ईएम आणि आय तिरपे दाखवतो, आणि देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना खरा तिरपा साज नसतोच. सरळ अक्षरच ढकलून वाकवलं जातं, शिरोरेषा आणि मात्रा केविलवाण्या दिसतात. सीएसएसनं ते बदलता येतं. पण सरावात ज्यांनी पानभर ईएम पेरले त्यांना मी प्रत्येक ठिकाणी ती ओळ मोठ्यानं वाचायला लावतो. निम्मे तिथेच गळतात.

हेही माहीत असू द्या की बरेच स्क्रीन रीडर स्ट्राँग किंवा ईएम आल्याचं आपणहून सांगत नाहीत. म्हणजे इशारा खरोखर महत्त्वाचा असेल तर तो शब्दांतही दिसायला हवा.

ॲड्रेस टॅगमध्ये शनिवारवाड्याचा पत्ता लिहायचा ना?

नाही. ॲड्रेस हा टॅग त्या लेखाची किंवा पानाची जबाबदारी ज्याची, त्याच्याशी संपर्क कसा करायचा यासाठी आहे. टिपणाच्या शेवटी ‘फेरीबद्दल विचारायचं असल्यास’ अशी ओळ आहे, तिथे ॲड्रेस. वाड्याचा पत्ता साध्या पीमध्ये (परिच्छेदाचा टॅग), ओळी तोडायला बीआर. बीआरचा हा एक रास्त उपयोग, दुसरा ओवी किंवा कवितेच्या चरणांसाठी. तिथे ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग असतो.

अवतरणं कशी करायची?

मोठा उतारा असेल तर ब्लॉककोट. तो कुणाचा हे सांगणारी ओळ ब्लॉककोटच्या बाहेर लिहायची, कारण ती उताऱ्यातली नाही. छोटं वाक्य, समजा टिळकांचं स्वराज्याबद्दलचं प्रसिद्ध वाक्य, परिच्छेदातच आलं तर क्यू. क्यूला अवतरणचिन्हं ब्राउझर स्वतः लावतो; तुम्हीही लावलीत तर दुहेरी होतील.

साइट हा टॅग कलाकृतीच्या किंवा प्रकाशनाच्या नावाला, माणसाच्या नावाला नव्हे. ‘केसरी’ला साइट शोभतो, टिळकांना नाही. आणि केसरीवाडा ही इमारत आहे, तिला काहीच नको.

वेळापत्रकाला तक्ता की यादी?

दोन दिशांनी वाचता येतं का ते बघा. आमच्या फाइलमध्ये थांबा, पोहोचण्याची वेळ आणि मुक्काम अशा तीन रकान्यांची माहिती आहे. आडवं वाचलं तर एका थांब्याची, उभं वाचलं तर सगळ्या वेळा. म्हणजे टेबल. त्याला कॅप्शन द्या. वरच्या ओळीतल्या नावांना टीएच (रकान्याच्या किंवा ओळीच्या शीर्षकाचा टॅग) आणि त्याच्या स्कोप या ॲट्रिब्यूटमध्ये कॉल, डावीकडच्या थांब्यांच्या नावांनाही टीएच आणि स्कोपमध्ये रो. एवढं केलं की ऐकणाऱ्याला ‘मंडई, पोहोचण्याची वेळ’ असं नातं कळतं, नाहीतर नुसती ‘आठ वीस’.

शेवटी पागा, देवडी, दिंडी दरवाजा अशा शब्दांचे अर्थ दिले आहेत. तो तक्ता नाही. त्यासाठी डीएल आहे : शब्दाला डीटी, अर्थाला डीडी. हा टॅग लोक विसरतात याचं मला वाईट वाटतं, इतका तो सोयीचा आहे.

लँग या भाषा सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटमध्ये एमआर (मराठी) लिहिल्यानं असा काय फरक पडतो?

स्क्रीन रीडरकडे मराठी आवाज असेल तर तो मराठीत वाचू शकतो, हिंदी धाटणीत नाही. दुसरा फरक डोळ्यांना दिसणारा. देवनागरीच्या काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात. लँग मराठी असेल तर ती येतात, नसेल तर हिंदी वळणाचा ल आणि श. एचटीएमएल टॅगवर एका शब्दाचं ॲट्रिब्यूट, आणि पान घरचं वाटायला लागतं.

मधेच रोमन लिपीत इंग्रजी वाक्य आलं तर त्याला स्पॅन लावून लँगमध्ये ईएन द्या. पण ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘बस’ यांना नाही. देवनागरीत लिहिलं, ते मराठीच.

माझ्याकडे जुनी मराठी फाइल आहे. उघडली की ‘निरर्थक रोमन अक्षरं’ दिसतात. ती सरावाला घेऊ का?

आधी युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या समान मानकात बदलून घ्या. युनिकोड सर्रास होण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवलेली असायची. तो फॉन्ट नसेल तर मागे उरतो तो नुसता गोंधळ. पुण्यातल्या छापखान्यांत अशा फाइलींचे ढीग आहेत. खरं तर भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं मोठं काम याच गावात झालं. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था त्यात पुढे होती, आणि इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ मध्ये आलं.

फाइल बदलल्यावर ‘ऱ्या’ आणि ‘र्‍हा’सारखी जोडाक्षरं, तसंच ॲ हे अक्षर डोळ्यांत तेल घालून तपासा. बिघाड बहुधा तिथेच होतो.

मेन, आर्टिकल, सेक्शन, असाइड… हे सगळे वापरायलाच हवेत का?

नाही. मेन, म्हणजे पानाचा मुख्य मजकूर, एकदा. असाइड म्हणजे मुख्य मजकुराच्या बाजूला ठेवायची टीप. संपूर्ण टिपण उचलून दुसरीकडे ठेवलं तरी पुरं वाटतं, म्हणून आर्टिकल. सेक्शनला स्वतःचा मथळा नसेल तर तो बहुधा सेक्शन नाहीच.

व्हॅलिडेटरनं एकही चूक दाखवली नाही. म्हणजे झालं?

व्हॅलिडेटर व्याकरण तपासतो. तुम्ही मानाचे गणपती यूएलमध्ये टाकलेत, टिळकांना साइट लावलात, शनिवारवाडा मंगळवारी बांधलात, तरी तो हिरवा कंदील दाखवेल. त्याच्याकडून न बंद केलेले टॅग आणि यादीबाहेर पडलेले एलआय (यादीतल्या नोंदीचा टॅग) शोधून घ्या. बाकीचं शेजारी बसलेल्याला वाचायला द्या.

हे काम एआयकडून करून घेतलं तर?

कामाचं पान असेल तर खुशाल घ्या, बरंचसं बरोबर येतं. सरावात नको. आम्ही एकदा तुलना करून पाहिली : यादी, तक्ता, मथळे छान जमले, आणि पायाभरणीची तारीख डेटटाइममध्ये जशीच्या तशी उतरवली गेली. ते चुकलं हे ओळखायला त्या खोलीत तारीख आधी स्वतः झगडून बघितलेली दोनच माणसं होती.

दोघांची उत्तरं वेगळी आली तर बरोबर कुणाचं?

कधीकधी दोघांचं. फेरीचे सहा थांबे आहेत, आणि प्रत्येकाखाली दोन-तीन परिच्छेद. एकीनं ते ओएल केले, कारण क्रमानं चालायचं आहे. दुसऱ्यानं सहा एच२ केले, कारण वाचकाला थेट मंडईवर उडी मारता यावी. मी एच२च्या बाजूचा आहे, कारण यादीतल्या नोंदी इतक्या लांबल्या की यादी हरवते. पण ती म्हणाली, वर अनुक्रमणिकेत ओएल देऊन खाली एच२ ठेवले तर? तेही चालतं, आणि माझ्या उत्तरापेक्षा बरं आहे. तेव्हापासून मी फाइलच्या शेवटी एक ओळ वाढवली आहे : ‘पाऊस असल्यास फेरी मंडईच्या छताखाली संपेल.’ ही ओळ स्ट्राँग, साधा पी, की असाइड? तुम्ही काय केलंत आणि का, ते एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये लिहून रविवारी फाइल घेऊन या.